कुरळ्या केसांचा पावसाळा

कोकणात पाऊस सुरू झाला, की माझे कुरळे केस फुलतात आणि ‘अगं, जरा विंचर!’ असा उपदेशही सुरू होतो. खरं तर हवेतला ओलावा केसांत शिरला, की आतले नाजूक बंध सुटून नव्याने जुळतात आणि वळणं विस्कटतात. कोरडे विंचरले, तर अधिकच! म्हणून न्हाण्याआधी मी खोबरेल लावते. त्याने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी होते. ओल्या केसांतच मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर, हळूहळू गुंता सोडवते. जुन्या सुती पंच्याने पाणी टिपते. वाळेपर्यंत हात लावत नाही. एक विनंती, घरातल्या कुरळ्या केसांच्या मुलीला ‘झिपरी’ म्हणू नका. केस सरळ करून घेण्याचा हट्ट बहुधा त्या शब्दापासूनच सुरू होतो.