बैठक पक्की हवी

घोड्यावर मांड टाकण्यापूर्वी जाणता स्वार एक गोष्ट कधी विसरत नसे. खोगीर जागेवर धरून ठेवणारा, घोड्याच्या पोटाखालून आवळलेला जो पट्टा, ज्याला तंग म्हणतात, त्यात तो बोटे घालून पाही. मोतद्दाराने तंग आवळला आहे, एवढ्यावर त्याचे समाधान होत नसे. कारण घोडा हे मोठे चतुर जनावर. तंग आवळताना पुष्कळ घोडी पोट फुगवून धरतात आणि चार पावले चालून गेली की सोडतात. मग घट्ट वाटलेला तंग सैल पडतो आणि खोगीर स्वारासकट कुशीवर कलते. म्हणून अनुभवी स्वार थोडे अंतर चालून गेल्यावर तंग पुन्हा एकदा आवळून घेई.

घोडी गेली, मोटारसायकली आल्या. खोगिराची जागा सीटने घेतली आणि तंगाची दोन-चार नटबोल्टांनी. बोटे घालून पाहण्याची ती सवय मात्र घोड्याबरोबरच गेली. मोटारसायकल बाळगणारा गृहस्थ चाकातली हवा पाहतो, ब्रेक दाबून पाहतो, टाकीत पेट्रोल किती आहे तेही पाहतो. सीट ही त्याच्या लेखी केवळ सोयीची वस्तू. ती मऊ असावी आणि तिचे कव्हर फाटलेले नसावे, एवढीच त्याची अपेक्षा. आपण स्वतःच्या वजनाने जी दाबून बसलो आहोत, ती हलणार कशी, असा त्याचा समज असतो.

उभ्या गाडीपुरता हा समज खरा आहे. धावत्या गाडीवर मात्र सीटला वजनाखेरीज आणखी ओढी सोसाव्या लागतात. गाडी वेग घेते तेव्हा स्वाराचे शरीर मागे राहू पाहते आणि सीटला मागे रेटते. ब्रेक दाबताच तेच शरीर पुढे झेपावते. चाक खड्ड्यातून उसळले की सीटवरचा भार क्षणभर हलका होतो, आणि बांधणी ढिली असेल तर सीट त्याच क्षणी जागा सोडते.

यातला मागे सरकण्याचा प्रकार सर्वांत घातक. मोटारसायकलीचा वेग उजव्या हाताच्या मुठीत असतो. मूठ स्वाराकडे पिळली की वेग वाढतो. सीट मागे घसरली की स्वार तोल सावरण्यासाठी हँडल घट्ट धरतो, हात ताणले जातात आणि मूठ नकळत आणखी पिळली जाते. गाडी अधिकच उसळी घेते, सीट अधिकच मागे जाते. जो हात गाडीला आवरण्यासाठी असतो, तोच तिला उधळून लावतो. हाताने गाडी वळवावी आणि शरीराने सीटवर भार टाकावा, ही कामाची वाटणी आहे. सीट सुटली की दोन्ही कामे हातावर येऊन पडतात.

मागे बसणाऱ्याची स्थिती याहून नाजूक. त्याच्या हाती हँडल नसते, ब्रेक नसतो. त्याचा सारा भरवसा सीटवर. आपल्याकडे साडी नेसलेल्या स्त्रिया दोन्ही पाय एका बाजूस सोडून बसतात. त्यामुळे भार एकीकडे पडतो, आणि मागच्या दोन नटांपैकी एक जरी सैल असला तरी सीटला पीळ बसतो. कित्येक गाड्यांवर धरण्याचा पट्टा सीटलाच जोडलेला असतो. सीट उचलली गेली तर आधार म्हणून धरलेला पट्टाही तिच्याबरोबर उचलला जातो.

कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. बुलेटसारख्या जुन्या मोटारसायकलींवर चालकाची बैठक स्प्रिंगांवर असे, आणि मागच्या माणसासाठी वेगळी गादी मडगार्डवर बसवलेली असे. ती कोणी कशीही बसवावी, हे चालण्यासारखे नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे चालकाखेरीज एकाच व्यक्तीस नेता येते, आणि तीही चालकामागे वाहनाला पक्क्या जोडलेल्या योग्य आसनावरच बसली पाहिजे. पुढे १९८९ च्या केंद्रीय नियमांनी मागे बसणाऱ्यासाठी धरण्याची मूठ, पाय ठेवण्याची जागा आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून निदान निम्मे चाक झाकणारे आवरण आवश्यक ठरवले. कलमातला ‘पक्के’ हा शब्द कागदावर राहतो. तो खरा करण्याचे काम पान्याचे आहे.

ते काम अवघड नाही. सीटच्या तळाला पुढच्या टोकाशी बहुधा एक जीभ असते. ती टाकीमागच्या सांगाड्यावरील पट्टीखाली सरकवावी लागते. घाईत ती पट्टीच्या वर राहते. मागचे बोल्ट तरीही बसतात, वरून सीट ठीक दिसते, आणि पुढचे टोक मोकळेच राहते. म्हणून जीभ अडकली की नाही, हे वाकून पाहावे. बोल्ट आधी हातानेच फिरवावेत, म्हणजे आटे चुकत नाहीत. मग पान्याने दोन्ही बाजू आळीपाळीने आवळाव्यात. वॉशर वगळू नयेत, कारण इंजिनाच्या थरथरीने नट सुटतात. फाजील जोरही लावू नये. आटे गेलेला बोल्ट घट्ट दिसतो, पण धरत नाही. रबरी गुटके झिजलेले असतील, किंवा सांगाड्यावरील जोड गंजला वा तडकला असेल, तर तो आधी दुरुस्त करावा. सीटखाली वायर चेपली जात नाही, हेही पाहावे. किल्लीने बसणारी सीट ‘खट्’ असा आवाज करते; त्या आवाजावर विसंबू नये. सीट मागून वर ओढावी, दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवावी, पुढून मागे रेटावी. ती जागची हलली नाही, म्हणजे बसली.

आठवड्याच्या सुट्टीत बॅटरी पाहण्यासाठी गृहस्थ सीट काढतो. तेवढ्यात आतून जेवणाची हाक येते. एक नट बसवलेला असतो, दुसरा हातानेच फिरवून ठेवलेला. जेवण झाल्यावर आवळू, असे ठरते आणि विसरते. दुसऱ्या दिवशी त्याच सीटवर त्याची पत्नी बसते, कधी त्याची मुलगी. त्या दोघींनी नट पाहिलेला नसतो. त्यांनी फक्त त्याच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

जुन्या स्वाराने चार पावले गेल्यावर तंग पुन्हा आवळला, त्यात घोड्यावर अविश्वास होता. नव्याने बसवलेल्या सीटचे नट चार-दोन दिवसांनी पुन्हा पाहण्यात गाडीवर अविश्वास आहे असे कोणी म्हणेल, तर म्हणो. मागे बसणाऱ्या माणसाची काळजी हीच त्यामागची भावना, आणि तिला पाना व पाच मिनिटे एवढेच पुरते.