शब्दांची सोयरीक
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. आम्ही मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. अध्यापनाची पदविका घेऊन छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला, एवढेच आमचे भांडवल. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न धरता आपण आमचे बोलणे गोड करून घ्यावे.

आज ज्या मुलामुलींनी उत्तम गुण मिळविले त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. गुणांना नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. घरात एक मुलगा मॅट्रिक झाला की साऱ्या आळीत पेढे वाटले जात, तो काळ आम्ही पाहिलेला आहे. तथापि गुण देणारा हात पुष्कळ वर्षे आमचाही होता, आणि त्या हातून घडलेली एक चूक आज आपणांपुढे मांडावी असे वाटते.

१९९२ सालच्या सुमारास आमच्या सातवीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक अत्यंत हुशार मुलगा होता. भूजलाच्या पाठाचे सहा ओळींचे उत्तर आम्ही फळ्यावर लिहून दिले होते. त्याने ते परीक्षेत काना-मात्रेचाही फरक न करता उतरविले. आम्ही दहापैकी दहा गुण दिले आणि तो पेपर वर्गात वाचून दाखविला. पुढे २०१३ सालच्या दुष्काळात तो आमच्या घरी आला. पाणाड्याने तळहातावर नारळ धरून रानातून फेरी मारली, नारळ जेथे जेथे उभा राहिला तेथे तेथे याने बोअर घेतले. एक नव्हे, तीन घेतले. तिन्हींतून धुरळा उडाला. शेवटचे बोअर पत्नीचे दागिने गहाण ठेवून घेतलेले होते. ओटीवर बसून त्याने विचारले, "गुरुजी, पाताळातला झरा नेमका आमच्याच रानाला का चुकला?"

आम्ही म्हणालो, "बाबा, तू तर भूजलाचे उत्तर किती सुंदर लिहिले होतेस!" त्यावर त्याने ते सहा ओळींचे उत्तर आमच्यासमोर जसेच्या तसे म्हणून दाखविले. एकवीस वर्षांनंतर! त्या उत्तरात पाताळातला झरा कोठेही नव्हता. त्याच्या मनात मात्र तो शाळेत येण्यापूर्वीपासून होता, आणि आम्ही दिलेले उत्तर त्या झऱ्याच्या शेजारी वीस वर्षे नुसते बसून राहिले. दोहोंची गाठ कधी पडलीच नाही. (ते गृहस्थ आज सभेस नाहीत, त्यांच्या अनुमतीने आम्ही हे सांगत आहोत.)

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणवर्गात ऐकलेली, आणि तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलेली, एक गोष्ट त्या रात्री आठवली. डेव्हिड ऑसुबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असे प्रतिपादन केले की, मुलाच्या मनात आधीपासून काय आहे हे शिक्षकाने प्रथम पाहावे. नवे ज्ञान त्या जुन्याला जोडले गेले तरच ते त्याचे होते, अन्यथा ते पाठांतर होय. कॉर्नेल विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ नोव्हाक यांनी हाच विचार धरून पहिली-दुसरीच्या मुलांना ध्वनिफितींच्या साहाय्याने विज्ञानाचे पाठ दिले, आणि तीच मुले बारावीस जाईपर्यंत वेळोवेळी त्यांच्या मुलाखती घेतल्या. प्रत्येक मुलाखतीची पाने भरत. त्या ढिगातून मुलाच्या समजुतीत कोठे बदल झाला हे हुडकणार कसे? तेव्हा १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती काढली की, मुलाच्या बोलण्यातील मुख्य शब्द चौकटींत लिहावेत, ते रेघांनी जोडावेत आणि प्रत्येक रेघेवर जोडणारा शब्द लिहावा. अनेक पानांची मुलाखत एका कागदावर आली. यासच संकल्पना-नकाशा म्हणतात. लहानपणी ते पाठ मिळालेल्या मुलांच्या चुकीच्या समजुती बारावीतही इतरांहून कमी आढळल्या. पुढे तोच नकाशा मुलांनी स्वतः काढावा, अशी प्रथा पडली.

आपणांस हे नवीन वाटावयास नको. आपल्या मंडळाच्या दप्तरी कुळांच्या वंशावळी आहेत. मूळ पुरुष वर, शाखा खाली, आणि प्रत्येक रेघेचा अर्थ निश्चित: हा याचा पुत्र, ही याची कन्या. वंशावळीत रेघेवर काही लिहावे लागत नाही, कारण नाते एकच असते. ज्ञानाच्या प्रांतात नाती अनेक. म्हणून तेथे रेघेवर शब्द लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. 'पाऊस' आणि 'विहीर' यांमध्ये नुसती रेघ ओढली तर मुलास काय समजले ते कळत नाही. मधे 'मुरून भरतो' असे लिहिले की विधान झाले, आणि विधान खरे की खोटे हे तपासता येते. आणखी एक. वंशावळीत एका कुळाची लेक दुसऱ्या कुळात जाते, तेव्हा दोन शाखांमध्ये आडवी रेघ पडते. संकल्पना-नकाशातही अशा आडव्या रेघा असतात, आणि आमच्या मते त्याचा सारा जीव त्यांतच आहे. दूरच्या दोन शब्दांची सोयरीक जुळविण्यास मुलाला खरा विचार करावा लागतो.

येथे काही पालक म्हणतील, "संकल्पनाचित्र तर हल्ली पाठ्यपुस्तकात असतेच." खरे आहे. इतिहासाच्या स्वाध्यायांत 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असा प्रश्न येतो. मध्ये एक चौकट आणि सभोवार चार रिकाम्या चौकटी. परंतु तेथे रेघेवर शब्द नसतो, चौकटींचे आपसांत नाते नसते, आणि गाईडमध्ये त्या चारही चौकटी भरून मिळतात. मुले त्या पाठ करतात! पाठांतर मोडण्याचे साधनसुद्धा आपण पाठ करावयास लावले, याचे हसू येते आणि वाईटही वाटते.

गतवर्षी दिवाळीनंतर मंडळाच्या सभागृहात आम्ही सहावी-सातवीच्या चौदा मुलांचा रविवारचा वर्ग घेतला. खर्च काही नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या. प्रश्न एकच दिला: आपल्या विहिरीला पाणी कोठून येते? मुलांनीच शब्द सांगितले: पाऊस, माती, मुरूम, काळा पाषाण, भेगा, ओढा, झाडे, बोअर, उन्हाळा. आणि अपेक्षेप्रमाणे 'झरा'. तीन-तीन, चार-चार जणांच्या टोळ्या करून चिठ्ठ्या फरशीवर मांडावयास सांगितल्या. जो शब्द सर्वांस पोटात घेतो तो वर, बारीकसारीक खाली. मग खडूने रेघा, आणि रेघांवर शब्द.

पहिल्या रविवारी नुसता गोंधळ झाला. झऱ्याची चिठ्ठी एका टोळीने सर्वांच्या वर ठेवली. आम्ही ती हलविली नाही. एवढेच विचारले की, झऱ्याला कोण देतो? एक म्हणाला "पाताळ", दुसरा म्हणाला "ओढा". त्यावर अर्धा तास भांडण. आम्ही गप्प बसलो, आणि छत्तीस वर्षे बोलत राहिलेल्या माणसास गप्प बसणे किती जड जाते ते आमचे आम्हांस ठाऊक! दुसऱ्या रविवारी मुलांस खाणीच्या कड्याशी नेऊन दाखविले. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक, आणि तळाशी अभंग काळा पाषाण. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भूभाग या बेसाल्ट खडकाचा आहे. पाणी साठते ते मुरमात व भेगांत. भेग नसलेल्या पाषाणात कितीही खोल गेले तरी पुष्कळदा कोरडेच लागते. परत आल्यावर मुलांनी आपण होऊन झऱ्याची चिठ्ठी उचलली आणि भेगांच्या खाली ठेवली. रेघेवर लिहिले, 'यांतून पाझरतो'.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका नकाशास दोन-तीन तास लागतात. शाळेच्या तासिकेत ते बसणे कठीण. पाढे, कविता यांस तिचा उपयोग नाही. ते मुखोद्गतच हवेत. शिक्षकाने स्वतः सुबक नकाशा काढून मुलांस उतरवून घ्यावयास लावला, तर आमच्या त्या सहा ओळींत आणि त्यात भेद उरत नाही. आणि पुढील परीक्षेतच गुण वाढतील, असे वचनही आम्ही देत नाही.

त्या चौदा मुलांत आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याची कन्या होती. तिसऱ्या रविवारी ती एकटीच फरशीवर वाकून बसली होती. 'बोअर' आणि 'विहीर' या चिठ्ठ्या दोन टोकांस होत्या. तिने त्यांमध्ये लांबलचक आडवी रेघ ओढली आणि लिहिले, 'हिचे पाणी ओढते'. तिला नेण्यास वडील आले होते. शेजारच्या रानात खोल बोअर झाल्यापासून त्यांच्या वडिलोपार्जित विहिरीचे पाणी हटले होते, आणि त्यांनी तो नशिबाचा फेरा मानला होता. ते बराच वेळ त्या रेघेकडे पाहत उभे राहिले. मग मुलीजवळ बसून त्यांनी विचारले, "आणि पाऊस आपल्या रानातून वाहून जातो, तो कोणत्या चिठ्ठीवर लिहायचा?" तिने कोरी चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. या उन्हाळ्यात त्यांनी बांधबंदिस्ती केली, आणि चौथे बोअर घेतले नाही. विहिरीस पाणी किती वाढेल ते दोन-तीन पावसाळ्यांनंतर कळेल.

यंदा हा वर्ग पुन्हा भरविण्यास कार्यकारिणीने अनुमती दिली आहे. सकाळी नऊ ते बारा, दर रविवारी, येथेच. एका वेळी वीसांहून अधिक मुले आम्हांस झेपणार नाहीत. पालकांनी मुलांबरोबर घरातील जुन्या लग्नपत्रिका पाठवाव्यात. एका बाजूने कोऱ्या असल्या म्हणजे झाले.