गाठीतून उमटलेली ओळख
(विणकामाच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भिंतीवर टांगलेल्या लोकरी कलाकृतीकडे आपण सहसा शोभेची वस्तू म्हणून पाहतो. फिनलंडमधील 'रियू'चा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत अपुरी ठरते.

ताण्यावर लोकरीचे झुबके गाठी मारून बसवायचे, आडव्या धाग्याच्या काही ओळी विणायच्या आणि पुन्हा गाठींची रांग घ्यायची, अशी ही पद्धत. मुळात हे पांघरूण होय. समुद्रावर जाणाऱ्या कोळ्यांचे मेंढीचे कातडे खाऱ्या पाण्याने कडक होई. रियू मात्र ओलसर असली तरी ऊब देई. त्या काळी तिची लव अंगाकडे असे! पुढे तिच्यावर नक्षी आली, विवाहविधीत वधूवर तिच्यावर उभे राहू लागले आणि कालांतराने ती भिंतीवर चढली.

1899 मध्ये रशियाच्या झारने जाहीरनामा काढून फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला घातला. पाच लाखांवर सह्यांचे निवेदन घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला त्याने भेटही दिली नाही. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातील फिनलंडच्या दालनात चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला यांची 'ज्वाला' ही रियू बाकावर पसरलेली जगाने पाहिली. तिची आकृती सर्वस्वी नवी होती. जुनी होती ती गाठ. मला यातच तिचे मर्म दिसते. कोणत्याही कापडावर वारली आकृती उमटविली की महाराष्ट्राची ओळख सिद्ध झाली, असे मानणाऱ्यांनी याचा अवश्य विचार करावा.

त्या दालनाच्या तीन वास्तुशिल्पींपैकी एक, एलिएल सारिनेन, पुढे अमेरिकेतील क्रॅनब्रुक कला अकादमीचे प्रमुख झाले. हेलसिंकीत जन्मलेल्या मारियाने स्ट्रेंगेल यांनी 1942 पासून तेथील विणकाम विभाग सांभाळला. त्यांच्या हाताखाली 1950 च्या दशकाअखेरीस मुंबईच्या नेली सेठना शिकल्या. परतल्यावर त्यांनी फिनलंडची नक्कल केली नाही. स्वतःच्या मागाबरोबरच कलमकारीच्या पुनरुज्जीवनासाठीही त्या झटल्या.

आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी आहे. तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून ती सुरुवातीला अंगाला टोचते. समोरच्या टेबलावर एक ठेवली आहे. प्रथम ती उलटी करून पाहा, नक्षीकडे नंतर वळू.