संख्येची खरी ओळख



वरच्या वर्गात संख्यांचे वर्गीकरण शिकविले जाते, तेव्हा पुष्कळ मुले एकाच जागी अडखळतात. ६/२ हा अपूर्णांकासारखा दिसतो, म्हणून ती त्यास पूर्णांक मानीत नाहीत. ९ चे वर्गमूळ मूळचिन्हाखाली असते, म्हणून त्यास अपरिमेय ठरवितात. ‘पाय’ म्हणजे २२/७ असे पाठ केलेले असते, म्हणून पायला परिमेय समजतात. या तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे: संख्येच्या लेखनालाच संख्या समजणे. हा समज प्राथमिक शाळेत रुजतो, म्हणून त्याचे निवारणही तेथेच व्हावयास हवे.

प्रथम संख्यांचे प्रकार क्रमाने पाहावे. सोलापूरचा विणकर ताण्याचे धागे मोजतो, त्या १, २, ३ या नैसर्गिक संख्या होत. त्यांत शून्य मिळविले की पूर्ण संख्या होतात. विहिरीच्या काठास शून्य मानले आणि पाणी काठाखाली चार मीटर असले, तर ती पातळी −४ होय. अशा ऋण संख्या मिळविल्या की पूर्णांक संख्यांचा समूह सिद्ध होतो. मंगळवेढ्याची ज्वारी अडीच क्विंटल भरली, तर ते माप ५/२ असे लिहिता येते. छेद शून्य न ठेवता दोन पूर्णांकांच्या भागाकाराने जी मांडता येते, ती परिमेय संख्या. पूर्वीच्या मराठी शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करवीत. ते सारे परिमेय संख्यांचेच पाढे होते.

हे प्रकार एकमेकांपासून वेगळे कप्पे नव्हेत. पंढरपूरचा रहिवासी सोलापूर जिल्ह्याचाही असतो आणि महाराष्ट्राचाही असतो. तद्वत ४ ही संख्या नैसर्गिक आहे, पूर्णांक आहे आणि ४/१ अशी मांडता येत असल्यामुळे परिमेयही आहे.

परिमेय संख्येचे दशांश रूप एक तर संपते, नाही तर त्यात अंकांचा एक गट पुनःपुन्हा येतो. याचे कारण फळ्यावर दाखविता येते. ७ ने भागताना शून्याव्यतिरिक्त बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते. म्हणून फार तर सहा पायऱ्यांनंतर पूर्वीची बाकी परत येते आणि भागाकारातील अंकही परत येऊ लागतात. २२/७ म्हणजे ३.१४२८५७१४२८५७…, हे मुलांनी स्वतः भागून पाहावे.

आता एक मीटर बाजूची चौरस जागा आखून तिचा कर्ण दोरीने मोजावा. त्याची लांबी २ चे वर्गमूळ इतकी असते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात या लांबीसाठी दिलेल्या नियमाने ५७७/४०८ हे मूल्य येते. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९ होतो आणि ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८ होते. अंतर केवळ एकाचे आहे! परंतु हे अंतर कोणत्याही अपूर्णांकाने पूर्णपणे मिटत नाही. समजा, अतिसंक्षिप्त रूपातील एखाद्या अपूर्णांकाचा वर्ग बरोबर २ आला. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट, म्हणून अंश सम. सम अंशाच्या वर्गास ४ ने भाग जातो, म्हणून छेदाच्या वर्गास २ ने भाग जातो आणि छेदही सम ठरतो. दोन्ही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त कसा? अर्थात असा अपूर्णांकच नाही. ही संख्या अपरिमेय होय. दोरी मात्र हातात आहे. संख्यारेषेवर तिची जागाही निश्चित आहे. परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या होतात.

पायची गोष्टही अशीच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त परीघ काढण्यासाठी ३९२७/१२५० हे सूक्ष्म व २२/७ हे व्यवहारास पुरेसे, पण स्थूल मूल्य दिले. सात मीटर व्यासाच्या विहिरीचा परीघ २२/७ ने २२ मीटर येतो आणि सूक्ष्म मूल्याने २१.९९१२ मीटर. कठडा बांधणाऱ्या गवंड्यास एक सेंटिमीटरहून कमी असलेला हा फरक जाणवणार नाही. तथापि ही दोन्ही मूल्ये परिमेय आहेत, आणि पाय अपरिमेय आहे, हे योहान लाम्बर्ट यांनी १७६१ साली सिद्ध केले.

म्हणून शिक्षकाने तीन गोष्टी पाळाव्या. ‘पाय बरोबर २२/७’ असे न म्हणता ‘पाय सुमारे २२/७’ असे म्हणावे. ‘तीनातून पाच जात नाहीत’ असे कायमचे न सांगता ‘आज शिकलेल्या संख्यांत जात नाहीत’ असे सांगावे. आणि कोणत्याही संख्येचा प्रकार विचारताना तिला आधी सोपे रूप देण्याची सवय लावावी: ६/२ म्हणजे ३, ९ चे वर्गमूळ म्हणजे ३, मग प्रकार.

‘सुमारे’ हा एक शब्द उच्चारण्यास क्षणही लागत नाही. तो गाळला, तर पुढील शिक्षकास मुलाचे पाठ झालेले ज्ञान पुसावे लागते. आणि आधीच्या गुरुजींनी खोटे सांगितले होते की काय, ही शंका त्या मुलाच्या मनात राहते. पहिलीच्या पाटीवरचा धडा दहावीतही खरा ठरावा, एवढी काळजी प्रत्येक शाळेस घेता येण्याजोगी आहे.