संकरातून नवी जाती : कपाशीची कथा

माळव्याच्या काळ्या मातीने कपाशीच्या दोन जाती जोपासल्या : देशी आणि अमेरिकन. 1924 साली इंदुरास वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. तेथे 1933 ते 1937 या काळात हचिन्सन यांनी कपाशीच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला.

या दोन जातींचा संकर सहसा वांझ निघतो. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52. संततीच्या वाट्याला 39 येतात आणि त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. निसर्गाने दोन जातींमध्ये घातलेले हे कुंपणच होय.

परंतु अमेरिकन कपाशी स्वतः अशाच एका कुंपणापलीकडे जन्मली. सुमारे 10 ते 20 लक्ष वर्षांपूर्वी देशी कपाशीच्या गोत्रातील एका वनस्पतीचा अमेरिकेतील रानकपाशीशी संकर झाला. तोही वांझच राहावयाचा. पण त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली, प्रत्येकास जोडीदार लाभला आणि मातापित्यांपासून अलग अशी नवी जाती निर्माण झाली. 1940 साली बीझली यांनी देशी कपाशी व अमेरिकन रानकपाशी यांच्या संकराची गुणसूत्रे कॉल्चिसीन या द्रव्याने दुप्पट करून या उत्पत्तीस बळकटी दिली.

विशेष हे की, त्या रानकपाशीच्या बोंडात कातण्याजोगा तंतूच नसतो. तरी तिच्याच अंशाने समृद्ध झालेली जाती आज जगातील बहुतेक कापूस पुरविते. निरुपयोगी म्हणून उपटलेल्या रानवेलींबरोबर उद्याच्या पिकाचा पूर्वजही नष्ट होऊ शकतो, हे शेतकऱ्याने व शासनाने विसरू नये.