तिसऱ्या आठवड्यातली रक्ती हगवण

आजचा विषय काहींना किळसवाणा वाटेल: पिल्लांची शीट. पण कोंबड्या पाळायच्या तर सकाळी शेडमध्ये गेल्यावर आधी खाली बघायची सवय लागावी लागते.

मला ती लागली नुकसान सोसून. वनराजाची दोनशे पिल्लं होती, दिवस पावसाळ्याचे. चोविसाव्या दिवशी दोन-तीन पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी दिसली. तुसावर लालसर डाग होते. दुकानदारानं अँटिबायोटिकची पुडी दिली. ती पाण्यात घातली आणि मी निर्धास्त झाले. चार दिवसांत एकतीस पिल्लं गेली. मग एक मेलेलं पिल्लू पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी समोरच पोट उघडलं. आतड्याच्या शेवटी दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्यांना सीकम म्हणतात. दोन्ही रक्तानं टम्म भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, "ताई, ही कॉक्सिडिओसिस. पहिल्याच दिवशी आला असतात तर!"

हा आजार आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होतो. तो जिवाणू नाही, म्हणून माझ्या पुडीचा त्याच्यावर काही परिणाम झाला नाही. पिल्लांच्या शिटेतून त्याची अंडी म्हणता येतील अशी बीजं बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग द्यायला तयार होतात. पिल्लू तूस टोचतं, बीजं पोटात जातात आणि चार-पाच दिवसांनी रक्त दिसतं. म्हणून तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जास्त जपायचं. आणि फिनेल शिंपडून ही बीजं मरत नाहीत, तो पैसा वाया.

औषध अँप्रोलियम. पाण्यातूनच द्यायचं, कारण आजारी पिल्लू दाण्याला तोंड लावत नाही, पण पाणी पितं. वीस टक्के पावडर असेल तर साधारण साठ ग्रॅम पन्नास लिटर पाण्यात, पाच दिवस, मग काही दिवस निम्मी मात्रा. पाकिटावरचं वाचा, डॉक्टरांना विचारा, रोज ताजं कालवा. दुसरं पाणी कुठेही ठेवू नका. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: अँप्रोलियम हे जीवनसत्त्व ब-१ सारखं दिसून परजीवीला फसवतं. त्या दिवसांत ताकदीसाठी म्हणून बी-कॉम्प्लेक्स पाजलंत तर औषधावरच पाणी. आणि एक पिल्लू आजारी दिसलं तरी औषध सगळ्या कळपाला.

आता, प्रत्येक हगवण ही रक्तीच असं नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पांढरी, चिकट शीट आणि मागची पिसं बरबटलेली असतील तर पुलोरमचा संशय घ्यायचा. तो जिवाणूचा आजार, अंड्यातूनच येतो. नुसतं ढुंगण चिकटलेलं असेल तर बऱ्याचदा ब्रूडरची ऊब कमी पडलेली असते. हिरवी शीट, धाप आणि मान वाकडी झाली की राणीखेत. तिथे लसच कामाची. उलट चॉकलेटी रंगाची, पातळ, वासाची शीट अधूनमधून दिसते, ती सीकमची नेहमीचीच. ती बघून घाबरलेले फोन मला सगळ्यात जास्त येतात!

औषधापेक्षा माझा भर तुसावर. मूठभर तूस घेऊन दाबा. गोळा झाला तर ओल जास्त. ड्रिंकर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर टांगा, नाहीतर पिल्लं पाय घालून सांडतात आणि रोग तिथेच उबतो. भिजलेला तूस त्याच दिवशी बाहेर काढा, बाकीचा रोज खालीवर करा. जागा कोंबू नका.

पुढच्या खेपेला सव्विसाव्या दिवशी पुन्हा लाल डाग दिसले. तासाभरात डॉक्टरांना फोन केला, संध्याकाळी औषध पाण्यात होतं. चार पिल्लं गेली. आणि डाग होते ते नेमके एका खाली लोंबणाऱ्या ड्रिंकरच्या भोवती. त्याची दोरी मीच सैल ठेवली होती.