आज काय खेळायचं?



आज आम्ही पोरांच्या खेळाविषयी बोलणार आहोत. हसू नका. मोठ्या माणसांनी जमून खेळावर काय बोलायचे, असे तुम्हांला वाटेल. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे खेळ हेच काम असते. तुम्ही भात लावता, ते मातीची भाकर थापते. दोघेही कामातच आहात.

प्रश्न एवढाच आहे. अंगणवाडीत आज काय खेळायचे, हे ठरवायचे कोणी? बाईंनी, की पोरांनी? आम्ही म्हणतो, पोरांना विचारा.

अंगणवाडी ही आपल्याच मुलखातली गोष्ट आहे, ती आधी ऐका. डहाणू तालुक्यात समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. आज ते पालघर जिल्ह्यात मोडते. २०१४ पर्यंत तो भाग आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे कामाला गेल्या. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले होते. बोर्डीत अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या.

बालवाडी उघडली. पण गरीब वस्तीतली पोरं येईनात. या दोघींनी पोरांना किंवा आईबापांना बोल लावला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे वारली पोरं गुरे राखायला जात. मग शाळाच कुरणात भरू लागली. तिला कुरणशाळा म्हणत.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. इटलीच्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची साधने फार महाग. खेड्यात कोण घेणार? म्हणून त्यांनी शिंपले, खडे, बिया, पाने अशा आसपासच्या वस्तू घेतल्या. यात पैसा वाचला, हे तर झालेच. आमच्या मते मोठा फायदा वेगळाच आहे. कपाटातल्या महागड्या खेळण्याला पोर बिचकते. मोडले तर बाई रागावतील! करवंटीला कोण बिचकणार? ती कुठे मिळते, तिचे काय काय होते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून ते आपण होऊन सांगू शकते, मला हे पाहिजे, मी असे करीन.

आता विचारायचे कसे? पोरं गोल बसली आणि बाईंनी मोघम विचारले, ‘काय खेळायचं?’ तर तीन वर्षांचे पोर बघत राहते. नाहीतर शेजारचा म्हणाला तेच म्हणते. म्हणून दोन गोष्टी पुढे ठेवाव्या. ‘बाजार मांडायचा, की आगगाडी करायची?’ आगगाडी म्हटले की कल्याणच्या आसपासची पोरं उठलीच म्हणून समजा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. आपल्या पोरांच्या कानांत शिट्टी आहेच.

मग पुढचे विचारावे. गाडीला काय लागेल? एक म्हणेल दोरी. एक म्हणेल शिट्टी. तिकिटे कशाची? फणसाच्या पानांची. डबे पाच आणि पोरं सात, मग उरलेल्या दोघांनी काय व्हायचं? एक गार्ड, एक तिकीट तपासणारा. पाहा, मोजणे झाले, बोलणे झाले, दुसऱ्याचे ऐकणे झाले, आणि पाटीला अजून कोणी हात लावलेला नाही.

गार्ड व्हायला दोघे भांडतील. भांडू द्या. बाईंनी लगेच निवाडा करू नये, जरा थांबावे. ‘ठाण्यापर्यंत हा, पुढे कल्याणपर्यंत तो,’ असा तोडगा पोरंच काढतात. खेळ संपला की वस्तू त्यांनीच जागेवर ठेवायच्या आणि सांगायचे, आज काय कमी पडले, उद्या काय आणायचे.

सगळेच पोरांवर सोडा, असे मात्र नाही. विहिरीकडे जायचे की नाही, हे पोरांनी ठरवायचे नाही. चिंचोके, मणी अगदी लहान पोराच्या हाती देऊ नका. ते नाकात घालते, गिळते. घशात अडकले तर जिवावर बेतते. वेळ, जागा आणि राखण मोठ्यांची. खेळ त्यांचा.

खरी अडचण वेगळीच आहे. ती घरातून येते. ‘पोर घरी खेळतंच की, मग धाडायचं कशाला? अ आ शिकवा!’ डोंबिवलीला कामाला जाणारा माणूस तिथल्या तीन वर्षांच्या पोराची भरलेली वही बघून येतो आणि गावच्या बाईंना टोचतो. बाई काय करणार? पोराचा हात धरून गिरवतात. त्या वयात बोटांत पेन्सिल नीट पेलण्याचे बळ नसते. पोर कंटाळते. दुसऱ्या दिवशी रडते, पदर सोडत नाही. आईला तर लावणीला जायचे असते, नाहीतर वीटभट्टीवर. मग घरी कोण राहते? थोरली बहीण. तिची शाळा बुडते. एका वहीपायी दोघांची शाळा गेली.

कोसबाडला ही नड ओळखली होती. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. धाकट्याला घेऊन थोरलीही शाळेत येऊ लागली.

सरकारनेही २०२० च्या शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवा असेच सांगितले आहे. तेव्हा पोर घरी आले की वही मागू नका. ‘आज काय ठरवलंत?’ असे विचारा. ते बराच वेळ सांगत बसेल. चुलीपाशी बसून ऐका.

आपल्या अंगणवाडीतल्या पोरांनी पुढच्या आठवड्यात बाजार मांडायचे ठरवले आहे. घरच्या करवंट्या चुलीत घालू नका. कडा घासून, धुऊन चार-चार द्या. भाजीवालीला जुन्या लुगड्याचा तुकडा हवा आहे. वजनाला गोटे पोरं ओढ्यातून आणणार होती, ते मात्र कोणा मोठ्याने आणून द्यावेत. आणि आगगाडीची दोरी मागच्या वेळी तुटली, ती कोणीतरी आजच द्या.